टॅब बाहेर, चवड आत: पुराच्या ॲपने शिकवलेलं नेव्हिगेशन

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे. क्लास आणि फंक्शनची नावं देवनागरीतच लिहिली आहेत. कोड लिहिताना ती ओळखू येतीलच.)

आजचा विषय ऐकायला अगदी साधा वाटेल. ॲपच्या खाली ती चार-पाच चिन्हांची पट्टी असते, तिला आपण टॅबबार म्हणतो. आणि एका स्क्रीनवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या स्क्रीनवर जाणं, मग मागे येणं, ते सांभाळतो नेव्हिगेशन कंट्रोलर. या दोघांना एकत्र कसं बसवायचं? कोण कोणाच्या पोटात? बस, एवढंच. पण एवढंच चुकलं की काय होतं, ते मी पावसाळ्यातल्या एका रात्री शिकलोय. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो, मग कोडकडे येतो.

०१:१० मावशीचा फोन

मी साताऱ्यात असतो. आमच्या छोट्या टीममधले दोघे सांगलीत. नोकरी सांभाळून, हौसेनं आम्ही एक ॲप करत होतो: कृष्णेच्या पाण्याचं. तुम्ही आमच्या भागातले असाल तर गरज सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि कराडला प्रीतिसंगमावर भेटतात. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. म्हणजे पाऊस पडतो सातारा जिल्ह्यात, धरणाचे दरवाजे उघडतात सातारा जिल्ह्यात, आणि पाणी चढतं खाली सांगलीत. सांगलीत सगळे बघतात आयर्विन पुलाकडे. १९२९ सालचा पूल. तिथे ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये तिथलं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५, २०१९, २०२१ ही सालं आमच्याकडे लोक लग्नाच्या तारखांसारखी पाठ सांगतात.

तर ॲपमध्ये चार टॅब होते. 'पाणी', म्हणजे पुलांवरची पातळी. 'धरणं', म्हणजे साठा आणि विसर्ग. 'माझं गाव', यात घरातली माणसं आणि जनावरं यांची नोंद करायची, म्हणजे हलवायची वेळ आली तर गावातल्या स्वयंसेवकांना कळावं कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठे गाभण म्हैस आहे. आणि चौथा 'मदत', फोन नंबरांचा.

माझी मावशी भिलवडीला असते, कृष्णेच्या काठावर. त्या रात्री विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि मी तिला फोन केला, "मावशी, तेवढं नाव भरून ठेव." ती भरायला बसली. पंधरा-वीस मिनिटांनी तिचाच फोन.

"आरं, ह्ये काय करून ठिवलंय तू? समद्यांची नावं भरली, म्हशींचं भरलं. मधीच पाणी किती चढलंय बघाया गेले, परत आले तर पुन्हा पयल्यापासनं! आता सामान बांधू का तुझं फारम भरू?"

सर्व्हर चालू होता, नेट होतं, ॲप क्रॅशही झालं नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं व्यवस्थित चालू होतं. फक्त मावशी 'माझं गाव' सोडून 'पाणी' टॅबवर गेली, आणि आम्ही तिच्या मागे तिचा अर्धा भरलेला फॉर्म फेकून दिला.

हा दोष आमचाच होता. आणि तो कुठे होता ते समजण्यासाठी मूळ कल्पना बघू.

०४:०० बुट्टी आणि भाकरी

नेव्हिगेशन कंट्रोलर म्हणजे स्टॅक. स्टॅकला मराठीत छान शब्द आहे: चवड. भाकरींची चवड डोळ्यासमोर आणा. नवी भाकरी आली की वर ठेवायची, तो झाला पुश. काढायची तर वरचीच निघते, तो झाला पॉप. सगळ्यात वर जी भाकरी, तीच स्क्रीनवर दिसते. खालच्या गेलेल्या नाहीत, दबून आहेत. मागे जाण्याचं बटण म्हणजे वरची भाकरी उचलणं.

टॅबबारचं काम वेगळं. त्याच्यात मागे-पुढे असं काही नाही. चार बुट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्यात आणि तुम्ही एकीवरचं फडकं काढता, दुसरीवर टाकता. 'पाणी'वरून 'मदत'वर गेलात म्हणजे तुम्ही पुढे गेला नाहीत. नुसती बुट्टी बदलली.

आता दोन्ही एकत्र आणायचे, तर नैसर्गिक मांडणी कुठली? चार बुट्ट्या, आणि प्रत्येक बुट्टीत तिची स्वतःची चवड. बाहेर टॅबबार, आत प्रत्येक टॅबला वेगळा नेव्हिगेशन कंट्रोलर. 'माझं गाव'च्या बुट्टीत तीन भाकऱ्या आहेत: गावाची यादी, त्यावर घर, त्यावर फॉर्म. फडकं टाकून तुम्ही 'पाणी' बघून आलात, फडकं काढलं, तर त्या तीन भाकऱ्या तशाच असायला हव्यात.

आम्ही काय केलं होतं? बुट्टी एकच. टॅब बदलला की बुट्टी पालथी घालायची आणि नव्या टॅबची पहिली भाकरी त्यात ठेवायची. दिसायला चार टॅब दिसत होते. डेमोमध्ये कोणाला शंकाही आली नाही, कारण डेमोमध्ये कोणी फॉर्म अर्धा टाकून पाणी बघायला जात नाही. पाणी खरंच चढत असतं तेव्हाच माणूस ते करतो.

०६:१५ आयफोनवर: कोण कोणाच्या पोटात

आयफोनवर हे दोन क्लास २००८ पासून आहेत: यूआयटॅबबारकंट्रोलर आणि यूआयनेव्हिगेशनकंट्रोलर. मांडणी अशी:

विंडोचा रूट म्हणून टॅबबार कंट्रोलर. त्याच्या व्ह्यूकंट्रोलर्सच्या यादीत चार नेव्हिगेशन कंट्रोलर. प्रत्येकाचा रूट म्हणजे त्या टॅबची पहिली स्क्रीन. टॅबचं नाव आणि चिन्ह, म्हणजे टॅबबारआयटम, त्या नेव्हिगेशन कंट्रोलरवर लावायचा.

उलटं करू नका. म्हणजे नेव्हिगेशन कंट्रोलरमध्ये टॅबबार कंट्रोलर पुश करू नका. ॲपलची कागदपत्रंही टॅबबार रूटलाच ठेवायला सांगतात. पण कारण कळल्याशिवाय नियम लक्षात राहत नाही, म्हणून आमच्या आयफोन आवृत्तीत काय झालं ते सांगतो.

आमच्या सांगलीच्या मित्रानं आधी लॉगिन केलं. मोबाइल नंबर, मग ओटीपी. ही दोन पानं नेव्हिगेशन कंट्रोलरमध्ये. ओटीपी बरोबर आला की पुढे काय? त्यानं सरळ टॅबबार कंट्रोलर पुश केला. चाललं की! मग एकेक गंमत सुरू झाली.

पहिली: मुख्य स्क्रीनवर डाव्या कडेवरून बोट सरकवलं की माणूस परत ओटीपीच्या पानावर. लॉगिन झालेला माणूस.

दुसरी: एखाद्या टॅबमधून नवी स्क्रीन पुश केली की ती बाहेरच्या चवडीवर जायची आणि टॅबबारसकट सगळं झाकायची. चारही टॅबना मिळून एकच चवड.

तिसरी: हे सुधारायला त्यानं प्रत्येक टॅबमध्ये आतला नेव्हिगेशन कंट्रोलर घातला. आता वरती दोन-दोन नेव्हिगेशन बार. बाहेरचा लपवला तर ठीक, नाही लपवला तर एकावर एक दोन पट्ट्या.

चौथी, आणि हिच्यापायी एक अख्खी संध्याकाळ गेली: स्क्रीनचं शीर्षक दिसत नव्हतं. आतला कंट्रोलर नसताना बाहेरचा बार टॅबबार कंट्रोलरचा नेव्हिगेशनआयटम दाखवतो, आतल्या स्क्रीनचा नाही. तुम्ही आतल्या स्क्रीनला कितीही वेळा शीर्षक द्या, ते दुसऱ्याच्या दारावर पाटी लावल्यासारखं आहे.

मग लॉगिनचं काय करायचं? लॉगिन ही वेगळी दुनिया आहे. ती संपली की विंडोचा रूट बदला: लॉगिनचा नेव्हिगेशन कंट्रोलर काढा, टॅबबार कंट्रोलर बसवा. किंवा टॅबबार आधीपासूनच रूटला ठेवा आणि लॉगिन त्याच्यावर पूर्ण स्क्रीनचं मोडल म्हणून दाखवा. दोन्हीत फायदा एकच: परत जायला मागे काही उरत नाही.

स्विफ्टयूआयमध्ये हेच चित्र वेगळ्या नावांनी आहे. बाहेर टॅबव्ह्यू, आत प्रत्येक टॅबमध्ये नेव्हिगेशनस्टॅक. हा नेव्हिगेशनस्टॅक २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आला. प्रत्येक टॅबसाठी स्वतंत्र पाथ ठेवा: पाणीपाथ, गावपाथ. चौघांत मिळून एक पाथ ठेवलात तर तुम्ही आमच्या एका बुट्टीवर परत आलात.

१०:०० अँड्रॉइडवर: मागे जाण्याचं बटण

आता अँड्रॉइड. मावशीचा फोन अँड्रॉइड, गावातले बहुतेक फोन अँड्रॉइड. इथे कल्पना तीच, पण एक पाहुणा जास्त आहे: फोनचं स्वतःचं बॅक. आयफोनवर मागे जाणं ज्या-त्या चवडीपुरतं असतं. अँड्रॉइडवर बॅक दाबत राहिलं की शेवटी माणूस ॲपच्या बाहेर पडतो. मग प्रश्न येतो, चार बुट्ट्यांपैकी कुठल्या बुट्टीतून बाहेर पडायचं?

अँड्रॉइडचं उत्तर असं: ॲपची एक ठरलेली सुरुवातीची स्क्रीन असते. आमच्याकडे 'पाणी'. तुम्ही 'माझं गाव'मध्ये तीन स्क्रीन आत आहात. बॅक दाबलं की एकेक भाकरी निघते, मग 'माझं गाव'चं पहिलं पान. आणखी एक बॅक, 'पाणी'. आणखी एक, बाहेर. ज्या क्रमानं टॅब दाबले त्याच क्रमानं उलटं नेत बसायचं नाही. माणसानं दहा वेळा टॅब बदलला असेल तर त्याला दहा वेळा बॅक दाबायला लावणं हा छळ आहे.

आता प्रत्येक टॅबची चवड जपण्याबद्दल. खालची पट्टी गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये २०१६ मध्ये आली, पण प्रत्येक टॅबला वेगळी चवड ही सोय नेव्हिगेशन लायब्ररीत बऱ्याच उशिरा आली. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या २.४ आवृत्तीत. तोपर्यंत लोक आपापले जुगाड करायचे, आणि ते जुने जुगाड अजून इंटरनेटवर पडलेत. आम्ही तसलाच एक उचलला होता.

कंपोजमध्ये टॅब दाबल्यावर जे नेव्हिगेट होतं, त्यात चार गोष्टी लागतात. एक, पॉपअपटू: सुरुवातीच्या स्क्रीनपर्यंत चवड उतरवा. दोन, त्याच्या आत सेव्हस्टेट चालू: उतरवलेलं फेकू नका, बाजूला जपून ठेवा. तीन, रिस्टोअरस्टेट चालू: या टॅबचं आधी जपलेलं काही असेल तर ते परत आणा. चार, लाँचसिंगलटॉप: तीच स्क्रीन दोनदा एकावर एक रचू नका.

आमच्या कोडमध्ये पहिली आणि चौथी होती. दुसरी आणि तिसरी नव्हती. सेव्हस्टेट, रिस्टोअरस्टेट. दोन शब्द, दोन ओळी. मावशीची सगळी नावं त्या दोन ओळींत गेली.

ही दोन्ही जोडीनंच लिहा. फक्त सेव्हस्टेट लिहिलं तर जपलेलं परत आणणारं कोणी नाही. फक्त रिस्टोअरस्टेट लिहिलं तर परत आणायला काही नाही.

फ्रॅगमेंट वापरत असाल तर प्रत्येक टॅबसाठी एक आतला नेव्हिगेशन ग्राफ करा, आणि मेन्यूतल्या आयटमचा आयडी आणि त्या ग्राफचा आयडी अगदी एकच ठेवा. एका अक्षराचा फरक पडला की टॅब दाबून काहीच होत नाही, आणि चूक कुठे ते कोणी सांगतही नाही.

फ्लटरवाल्यांसाठी: गो-राउटरमध्ये स्टेटफुलशेलराउट आहे, त्याचा इंडेक्स्डस्टॅक प्रकार घ्या. प्रत्येक शाखेला स्वतःचा नेव्हिगेटर मिळतो. रिॲक्ट नेटिव्हवाल्यांसाठी: बाहेर बॉटम टॅब नेव्हिगेटर, आत प्रत्येक टॅबमध्ये नेटिव्ह स्टॅक नेव्हिगेटर. नावं बदलली, बुट्ट्या त्याच.

१३:३० एवढ्यावर भागत नाही

मांडणी बरोबर केली म्हणजे झालं असं आम्हाला वाटलं होतं. नाही. पुढे जे खड्डे लागले ते क्रमानं सांगतो.

पहिला खड्डा, त्याच टॅबवर पुन्हा टिचकी. आयफोनवर चालू टॅबवर परत टॅप केलं की चवड रूटपर्यंत रिकामी होते. ही सोय आहे, लोकांना सवय आहे. पण फॉर्म भरताना चुकून बोट लागलं तर? फॉर्म गेला. म्हणजे टॅब बदलताना वाचवलेला फॉर्म आम्ही त्याच टॅबवर गमावत होतो. उपाय: टॅबबारच्या डेलिगेटमध्ये शुडसिलेक्ट हे फंक्शन आहे. निवडलेला टॅब तोच असेल आणि फॉर्ममध्ये न जपलेलं काही असेल, तर तिथे नाही म्हणायचं आणि माणसाला विचारायचं. अँड्रॉइडवर 'पुन्हा निवडला' याचा वेगळा लिसनर असतो, तिथे आपण लिहू तेच होतं.

दुसरा खड्डा, मोडल की पुश. पुस्तकी सल्ला असा की फॉर्म भरणं हे स्वतंत्र काम, ते मोडलमध्ये टाका, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. आम्हीही एका आवृत्तीत टाकलं. पण मोडल टॅबबारला झाकतं. मावशीला तर मधेच पाणी बघायचं होतं! तिच्यासाठी पाणी बघणं म्हणजे लक्ष विचलित होणं नव्हतं. तेच मुख्य काम होतं, फॉर्म मधे आला होता. म्हणून नोंदणीचा फॉर्म आम्ही परत चवडीत आणला, टॅबबार दिसेल असा. मोडलमध्ये ठेवलं फक्त ओटीपी आणि नंबर बदलणं, जिथे अर्धवट सोडून जाण्यात अर्थ नाही. आणि मोडल खाली ओढून बंद होऊ नये असं वाटत असेल तर इझमोडलइनप्रेझेंटेशन ट्रू करा. आयओएस १३ पासून ती सोय आहे.

तिसरा खड्डा, पट्टी लपवणं. नकाशाला जागा हवी, तिथे टॅबबार लपवला तर चालतो. आयफोनवर हाइड्सबॉटमबारव्हेनपुश्ड ही प्रॉपर्टी येणाऱ्या स्क्रीनवर लावायची, आणि पुश करण्याच्या आधी. नंतर लावून उपयोग नाही. पण उठसूट लपवू नका. पट्टी दिसत असली की माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं. उलट अँड्रॉइडवर एक उलटा त्रास: कीबोर्ड उघडला की खालची पट्टी कीबोर्डच्या डोक्यावर चढून बसते आणि छोट्या फोनवर फॉर्मला दोन बोटं जागा उरते. कीबोर्ड वर असेपर्यंत पट्टी लपवा.

चौथा खड्डा, एकच स्क्रीन दोन टॅबमधून. गावाचं पान 'पाणी'मधूनही उघडतं आणि 'माझं गाव'मधूनही. तुम्ही 'पाणी'मध्ये पुलावर टॅप केलं, जवळच्या गावांची यादी आली, भिलवडीवर टॅप केलं. आता ॲपनं उडी मारून 'माझं गाव' टॅबवर न्यायचं का? आम्ही नेत होतो. मग माणूस बॅक दाबतो आणि भलतीकडेच पोचतो. नियम साधा ठेवा: ज्या टॅबमध्ये आहात, त्याच चवडीवर रचा. एकाच स्क्रीनची दोन रूपं दोन चवडींत असली तर काही बिघडत नाही. माहिती एका ठिकाणी ठेवा, स्क्रीन कितीही ठिकाणी उघडू दे.

पाचवा खड्डा सगळ्यात मोठा, त्यावर थोडं थांबू.

१७:२० नोटिफिकेशनवर बोट ठेवलं की

कोयनेतून विसर्ग वाढवला अशी सूचना आली. माणूस त्यावर टॅप करतो. ॲपनं काय करावं?

आमची पहिली आवृत्ती: जी स्क्रीन समोर असेल तिच्यावरच धरणाचं पान रचायचं. म्हणजे फॉर्मच्या वर कोयना. बॅक दाबलं की फॉर्म. फॉर्म वाचला, पण खाली टॅब दिसतोय 'माझं गाव' आणि पान धरणाचं. माणूस गोंधळतो.

दुसरी आवृत्ती: सगळं पुसून, नव्यानं 'धरणं' टॅब, त्यात कोयना. गोंधळ नाही, पण फॉर्म परत गेला.

बरोबर क्रम असा. आधी 'धरणं' टॅब निवडा. फक्त त्या टॅबची चवड रूटपर्यंत उतरवा, ॲनिमेशन न करता. मग त्यावर कोयनेचं पान पुश करा. बाकी तीन बुट्ट्यांना हात लावू नका. माणूस कोयना बघेल, बॅक दाबेल, धरणांची यादी दिसेल, आणि 'माझं गाव' दाबलं की त्याचा फॉर्म जिथल्या तिथे.

प्रत्येक टॅबची चवड वेगळी असण्याचा खरा उपयोग मला इथे कळला. बातमी तातडीची असली तरी ती माणसाच्या हातातलं काम हिसकावून घेत नाही.

ॲप बंद असताना सूचना आली तर? तेव्हा चवड नुसत्या कोयनेच्या पानाची करू नका, नाहीतर बॅक दाबताच माणूस बाहेर. खाली यादीचं पान आधी रचा, वर कोयना. अँड्रॉइडवर नॅव्हडीपलिंकबिल्डर हे करून देतो.

१९:४० आणि तरीही फॉर्म जाऊ शकतो

हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला अर्धवट माहिती दिली असं होईल. चवड जपली म्हणजे ती मेमरीत जपली. कमी रॅमचा फोन असेल, मधेच फोन आला, कॅमेरा उघडला, की सिस्टिम मागचं ॲप गुपचूप बंद करते. अँड्रॉइडचा नेव्हिगेशन कंट्रोलर अशा वेळी स्क्रीनचा क्रम बहुतेक परत आणतो. पण तुम्ही साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली नावं आणत नाही. त्यासाठी सेव्हडस्टेटहँडल, रिमेंबरसेव्हेबल अशी साधनं आहेत. आणि माणसानं स्वतःच ॲप यादीतून सरकवून बंद केलं तर तेही नाही.

म्हणून ज्या फॉर्मला खरी किंमत आहे तो प्रत्येक ओळीनंतर फोनमध्येच लिहून ठेवा. मसुदा म्हणून. नेव्हिगेशन चुकलं तरी माणसाचं काम राहिलं पाहिजे. आम्ही हे सगळ्यात शेवटी केलं. खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं.

२१:०० श्रोत्यांचे दोन प्रश्न

एक जण विचारतात, "आमच्या ॲपला सात विभाग आहेत, सात टॅब करू का?" नका करू. आयफोनवर पाचपेक्षा जास्त टॅब दिले की पहिले चार दिसतात आणि पाचव्या जागी 'मोअर' येतं, बाकीचे त्याच्या यादीत. मटेरियल डिझाइनही तीन ते पाचच सांगतं. माणूस दिवसातून कितीदा तिथे जाईल हे विचारा. सेटिंग, भाषा, आमच्याविषयी यांना टॅब लागत नाही. आमच्याकडेही पाचवा टॅब 'फोटो' करायचा हट्ट झाला होता. पुराच्या रात्री कोणी फोटो बघत नाही, म्हणून तो 'पाणी'च्या आत गेला.

दुसरा प्रश्न टॅबलेटचा. मोठ्या स्क्रीनवर खालची पट्टी लांबच लांब पसरते आणि वाईट दिसते. अँड्रॉइडवर तिच्या जागी कडेची उभी पट्टी वापरा, नेव्हिगेशन रेल. आयपॅडवर आयपॅडओएसच्या २०२४ च्या १८ व्या आवृत्तीबरोबर टॅबबार वर गेला आणि तो साइडबारही होऊ शकतो. पण बाहेर काय दिसतं ते बदललं तरी आतल्या चवडी तुमच्याच. मांडणी नीट असेल तर हे काम एका दिवसाचं, नसेल तर महिन्याचं.

२२:३० आज रात्री करून बघा

तुमचं ॲप हातात घ्या आणि ही पाच कामं करा. कोड उघडू नका, फक्त बोटानं.

१. एका टॅबमध्ये तीन स्क्रीन आत जा, दुसऱ्या टॅबवर जा, परत या. जिथे होतात तिथेच आहात का?
२. फॉर्म अर्धा भरा, त्याच टॅबवर पुन्हा टिचकी मारा.
३. लॉगिन करून मुख्य स्क्रीनवरून मागे जायचा प्रयत्न करा.
४. फॉर्म अर्धा असताना सूचना पाठवा, तिच्यावर टॅप करा, मग फॉर्म शोधा.
५. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करा आणि पहिली चार कामं परत करा. हे पाचवं काम बहुतेक जण टाळतात.

आम्ही आता प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ही यादी मावशीकडे पाठवतो. ती तिच्या पद्धतीनं तपासते: एका हातात फोन, दुसऱ्या हातात काहीतरी दुसरं, मधेच कोणाला तरी हाक मारत. असा तपासणारा माणूस आम्हाला शोधून मिळाला नसता. मागच्या पावसाळ्याआधी तिनं फॉर्म भरताना तीनदा पाणी बघितलं, एकदा माझा फोन घेतला, आणि मग म्हणाली, "ऱ्हायलं बाबा औंदा."

एवढंच म्हणाली. पण मग लगेच, "त्यो म्हशीचा रकाना वर घी. माणसं काय, चालत येत्याल."

तो बदल पुढच्या आवृत्तीत आहे. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार.